उजेडाचं मागचं दार

"पाहुणा येवो नाहीतर उजेड, मागच्या दारानं घालवू नये," असं आक्का म्हणायच्या. एकतीस वर्षं हिऱ्यांना पैलू पाडताना रोज एकदा तरी म्हणायच्याच. शेजारच्या पैलू घासायच्या चाकाशी बसणाऱ्या त्यांच्या सुनेला ते इतकं पाठ झालं होतं, की आताशा ऐकूच येत नसे.

आक्कांची नजर मंदावली होती. येत्या शनिवारी त्या काम सोडणार होत्या, आणि खिडकीजवळची त्यांची जागा सुनेला हवी होती. कारखान्याच्या मालकांनी अट घातली, "एक हिरा अथपासून इतिपर्यंत एकटीनं कर. जमला तर जागा तुझी."

सुनेनं केला. मालकांनी काट्यावर ठेवला आणि खूश झाले. "वा! वजन राखलंस की! सासूच्या वरताण निघालीस."

"सासूला बघू तर द्या आधी," आक्का म्हणाल्या. भिंगाला त्यांनी हातही लावला नाही. कागदावर पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि हिरा तिच्यावर पालथा ठेवला.

सुनेनं वाकून पाहिलं. हिऱ्यातून रेघ लख्ख दिसत होती. वजनाच्या मोहापायी तिनं घेर रुंद राखून हिऱ्याचं पोट, म्हणजे खालची निमुळती बाजू, उथळ ठेवलं होतं. पोटाला नीट उतार असला की आत शिरलेला उजेड एका बाजूवर आपटतो, दुसऱ्या बाजूवर वळतो आणि आला तसा तोंडावाटे झळकत बाहेर येतो. इथं तो खालच्या खाली गळून जात होता, म्हणूनच रेघ दिसत होती. हिरा मोठा होता खरा, पण मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा बघत होता.

"गिऱ्हाईक काय रेघा ओढत बसणार आहे?" मालक म्हणाले.

आक्कांनी हिरा उचलून सुनेच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी सुनेला बरं वाटलं असतं.

"मालक, पुन्हा चाकावर लावते," शेवटी तीच म्हणाली.

"उतार वाढवायचा तर घेर कमी होणार. वजन गेलं, तर जागेचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

चार दिवस ती घासत होती. हिरा बारीक होत गेला, तशी आपली जागाच झिजतेय असं तिला वाटत राहिलं. शनिवारी दुपारी तिनं तो रेघेवर पालथा घातला. रेघ गायब! सुलटा करून उन्हात धरला, तर छतभर ठिणग्या नाचल्या.

वजन बघून मालकांनी तोंड वाकडं केलं. मग हिरा हातात घेऊन बघत राहिले, ते चहा गार झाला तरी बघतच राहिले.

"सासू तशी सून," पुटपुटले. "बस जा खिडकीत."

आक्कांनी आपलं भिंग पुसून सुनेपुढं ठेवलं, डबा उचलला आणि सवयीनं मागच्या दाराकडे निघाल्या. कारागिरांची ये-जा तिकडूनच असे.

"आई, मागच्या दारानं?"

आक्का थबकल्या. "घ्या! माझंच मला ऐकवते!"

हसत त्या माघारी वळल्या. पुढच्या दाराची कडी मालकांनी स्वतः काढली. पायऱ्या उतरून आक्का उन्हात चालू लागल्या, सावकाश, डबा हलवत. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत सून खिडकीतून बघत होती, आणि तिच्यासमोर चाक नुसतंच फिरत होतं.