फुगलेली नाळ

आमच्या अमरावतीतली ती सुईण म्हणजे डोक्याला ताप. कापसाला सोन्याचा भाव आलेला, सारं गाव धावत सुटलेलं, आणि ही बाई बोलावणं आल्यावर आधी पान जमवणार, मग निघणार. बाळंतिणीच्या खोलीत शिरली की घराची मालकीण तीच.

माझ्या लेकीला मुलगा झाला. त्याची नाळ बेंबीपाशी लिंबाएवढी फुगली होती. माझी आत्या ओरडली, "बांध अन् काप लवकर!"

सुईणीने फुगवट्यापासून वीतभर दूर नाळ बांधून कापली, मग ती बाळाला घेऊन दारातल्या उन्हात आली आणि मला म्हणाली, "पाहा भाऊ, नाळेत आतडं हालून राह्यलं. हे बांधलं तं लेकरू जाते."

मी पडलो कापसाचा दलाल! पोटावर ठेवायला धावत जाऊन गंजीतला सर्वांत उत्तम कापूस आणला.

"थो गाडीत भरा," ती खेकसली. "त्याचे धागे चिकटते. जुनं धोतर उकळून, पिळून आना!"

मग कोमट तेलाच्या बोटांनी ती आतडं तिळातिळाने आत सरकवत बसली. मी विचारलं, "अजून किती वेळ?"

"बाजारात जायचं असन तं जा."

आतडं पूर्ण आत गेलं, तेव्हाच तिने रिकाम्या नाळेला बेंबीजवळ दोरा बांधला आणि पोटाला धोतराची पट्टी गुंडाळली.

"वाचला ना?"

"शी होऊ द्या. तवा समजन, वाट मोकळी हाय का नाई."

मुंबईहून येणाऱ्या कापसाच्या भावाची वाट पाहण्यात मुरलेला मी दुपारभर एका लंगोटाकडे डोळे लावून बसलो. बाळाच्या पहिल्या शीने तो काळा झाला, तेव्हा आत्या रडली आणि मी चक्क नाचलो.

"नाचता काहून?" सुईण म्हणाली. "लंगोट बदला!"