गच्चीवर भिजत घातलेली माती

मॅडमच्या घरी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात फ्रिज पुसायला उघडला आणि हातातलं फडकं खाली पडलं. दुधाच्या पातेल्याशेजारी काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकीत अळ्या होत्या, लालभडक, शिवायच्या दोऱ्याएवढ्या, आणि त्या वळवळत होत्या. मला वाटलं, ह्या घरावर कुणीतरी करणी केली. पदरानं बाटली धरली आणि मोरीकडं निघाले, तशा मॅडम तोंडात ब्रश घेऊनच धावत आल्या.

"ताई, थांबा, थांबा! ते माझं ऑफिस आहे!"

त्यांचं काम मला पुढं हळूहळू समजलं. कुणाला नाला वळवायचा असला, तळ्यात भर टाकायची असली, ओढ्यावर पूल बांधायचा असला, कारखान्याचं पाणी सोडायचं असलं, तर सरकारची परवानगी लागते. परवानगीच्या आधी कागद मॅडमकडं येतो. मॅडम त्या जागी जातात, पाण्यात काय काय जगतंय ते बघतात आणि अभिप्राय लिहितात. त्या लाल अळ्या शहरातल्या एका नाल्यातल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, पाणी फार घाण झालं की बाकीचे जीव जातात आणि ह्या उरतात. डॉक्टर जीभ बघतो तसं त्या नाल्याच्या अळ्या बघतात.

मी चौथीपर्यंत शिकले. आमची माणसं मेंढरं घेऊन दौलताबादच्या अंगानं फिरायची, त्यामुळं पाचवीच्या वेळी शाळा एका गावात राहिली आणि आम्ही दुसऱ्या. वाचता येतं, लिहिताही येतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मॅडमना ते चालायचं. त्या म्हणायच्या, "ऑफिसात सगळे बोलतातच. घरी एक गप्प माणूस पाहिजे."

ती दुष्काळाची वर्षं होती. एका मागोमाग एक पावसानं पाठ फिरवली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तर नशीब. पुंडलिकनगरच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. मी भांडण करू शकत नसे, म्हणून माझी घागर नेहमी शेवटी भरायची.

आणि त्याच वर्षांत शहर सगळ्या बाजूंनी पसरत होतं. जालना रोडनं करमाडकडं गेलं की जिथं तिथं चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे बोर्ड. माझे मालक गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता त्यांचे केस पिकायला लागले होते. करमाडच्या पुढं, रस्त्यापासून आत, त्यांनी एक प्लॉट घेतला, बाँड पेपरवर, आणि तो माझ्या नावावर केला.

मी म्हटलं, "माझ्या का? तुमच्या करा की."

"माझ्या नावावर असलं तर माझे भाऊ हिस्सा मागायला येतील. तुझ्या नावावर कोण मागतंय?"

ते हसत म्हणाले, पण मला रात्रभर झोप आली नाही. आयुष्यात माझ्या नावावर काहीही नव्हतं. रेशनकार्डावरसुद्धा मी दुसऱ्या ओळीत होते. आम्ही एकदा जाऊन नारळ फोडून आलो. मालकांनी चारी कोपऱ्यांना विटांचे छोटे खांब बांधले. एका खांबाला मी हळदीकुंकू लावलं. शेजारचा प्लॉट एका भाभीचा होता. तिचा नवरा वेल्डिंगचं काम करायचा. ती म्हणाली, "तुम्हारी दीवार, हमारी दीवार, एकीच बांधेंगे. खर्चा आधा." मी नुसती मान हलवली. मनात मी तिथं चूल मांडली होती.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी मॅडमचा शिपाई रजेवर होता. त्या म्हणाल्या, "ताई, आज माझ्याबरोबर येता का? पिशव्या धरायला कुणीतरी पाहिजे." मी जीपमध्ये मागं बसले. जालना रोड लागला. करमाड गेलं. जीप आत वळली, आणि मला आमच्या प्लॉटचा बोर्ड दिसला. बोर्डामागं माझ्या मालकांनी बांधलेले खांब दिसले.

मी पिशव्या घेऊन खाली उतरले.

ती जागा नाल्याला लागून, जरा खोलगट. ज्यानं हे प्लॉट पाडून विकले त्या प्लॉटवाल्याला नाला पाइपात घालायचा होता आणि सगळी जागा मुरूम टाकून उचलायची होती. त्याची परवानगी अडली होती मॅडमच्या कागदावर. भेगा पडलेल्या काळ्या मातीवर वाऱ्यानं धूळ उडत होती. प्लॉटवाल्याचा माणूस छत्री घेऊन आला.

"म्याडम, हितं काय हाय बघायला? नुस्ती धूळ. आता धुळीची बी परमिशन लागती व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर धूळच न्यायला आलेय."

त्यांनी खुरपं काढलं. वरची दोन बोटं माती, फक्त वरचीच, ठिकठिकाणची उचलायची आणि पिशवीत भरायची. पिशव्यांची तोंडं मी धरली. एका पिशवीत माझ्या प्लॉटातली माती पडली. हळदीचा खांब माझ्यापासून हातभर होता. मी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा भीतीही वाटली नाही. धुळीतून काय निघणार? धूळ तपासतील, धूळ लिहितील, मोकळे होतील.

घरी आल्यावर मॅडमनी गच्चीवर ताडपत्रीच्या सावलीत प्लास्टिकचे टब मांडले, प्रत्येकात एका पिशवीची माती घातली आणि मला म्हणाल्या, "ह्यांत पाणी घालायचं. माती बुडून वर चार बोटं."

"मातीला? पाणी?"

"हो."

"मॅडम, माणसाला नाही हो."

त्यांनी ताडपत्रीची दोरी ओढून बांधली. मग म्हणाल्या, "माहीत आहे. मी माझ्या आंघोळीतलं वाचवते." आणि खरंच वाचवायच्या, दिवसाआड ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायच्या. नळाचं पाणी आलं की ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवायचं, त्यातलं औषध उडून जाऊ द्यायचं, मग टबात घालायचं. ऑफिसात सुट्टीच्या दिवशी बघायला कुणी नसतं म्हणून हा खेळ घरी. घागरीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या आणि मी गच्चीवर जाऊन मातीला पाणी पाजत होते. खालच्या मजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, "शेती केली काय गं वर?"

मॅडमनी सांगितलं होतं, पाणी आटायच्या आधी काही जीव मातीत अंडी सोडून मरतात. ती अंडी वर्षानुवर्षं उन्हात पडून राहतात आणि पाण्याची वाट बघतात. मला ते गोष्टीतल्यासारखं वाटलं. रोज पाणी घालताना मी मनात म्हणायची, देवा, माती मातीच राहू दे.

मग मॅडम कामासाठी चार दिवस नागपूरला गेल्या. किल्ली माझ्याकडं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "काही हललं का?" मी म्हणायची, "नाही." खरंच काही हलत नव्हतं. पाणी गढूळ होतं, त्यावर धूळ.

तिसऱ्या संध्याकाळी पाणी निवळलं होतं. मी वाकले. टबाच्या कडेला उजेडात काहीतरी सरकलं. वाटलं डोळ्यापुढं अंधारी आली, उन्हाची. डोळे पुसले. परत सरकलं. मग एक नाही, दोन नाही, सगळा टब हलत होता. काचेसारखे, तांदळाच्या कणीएवढे, आणि पाठीवर पोहत होते, उताणे, पिसासारखे पाय वर करून. मी मागं झाले ती ताडपत्रीच्या बांबूला धडकले. दुसऱ्या टबात बघितलं, तिथंही. जिथं छत्रीखाली माणूस धूळ म्हणून हसला होता, जिथं मी नारळ फोडला होता, तिथल्या मातीत हे झोपले होते? मी त्यांच्यावर पाय देऊन हळद लावली होती?

फोन वाजला.

"काही हललं का?"

माझ्या मनात काय काय आलं ते आलं. पण तोंडातून निघालं, "मॅडम, हलतंय."

"काय हलतंय?"

"जीव," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, मी आनंदानं रडतेय.

परत आल्यावर त्यांनी भिंगातून बघितलं, चित्रं काढली, फोटो घेतले. एका टबात शिंपल्यांसारखं कवच असलेले बारीक जीवही निघाले. मला भिंग दिलं. उताण्या पोहणाऱ्या एकीच्या पोटाशी अंड्यांची पिशवी होती. मी भिंग खाली ठेवलं आणि सांगून टाकलं, त्या जागेत माझा प्लॉट आहे.

मॅडम खुर्चीवर बसल्या.

"आधी का नाही सांगितलं?"

"धूळच होती मॅडम तेव्हा."

"ताई, मी दुसरं काही लिहू शकत नाही."

"मी कुठं म्हणते लिहा."

त्यांनी लिहिलं, ही पाणथळ जागा आहे, इथं भर टाकू नये.

बातमी आमच्या घरी यायला वेळ लागला नाही. प्लॉटवाल्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, एका बाईनं किड्यांसाठी तुमची घरं अडवली. मालक कामावरून आले, हातपाय धुतले नाहीत, तसेच उंबऱ्यात बसले.

"ती बाई म्हंजी तुझीच मॅडम ना?"

"व्हय."

"आन ते किडे?"

"मॅडमच्या गच्चीवर आहेत."

"त्यास्नी पाणी कोण घालायचं?"

मी घागरीवर झाकण ठेवलं. त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी मला कधी मारलं नाही, त्या दिवशीही नाही. नुसतं म्हणाले, "घरात प्यायला पाणी नाय आन तू किडे वाढवले. आपल्याच प्लॉटातले. लई भारी. किड्यांच्या नावावर सातबारा हाय का गं?"

मग प्लॉट घेतलेल्या सगळ्यांचा अर्ज फिरायला लागला. वरच्या साहेबाकडं द्यायचा, अभिप्राय चुकीचा आहे म्हणून. ज्यांच्या नावावर प्लॉट, त्यांची सही. आमचा माझ्या नावावर. भाभी स्वतः कागद घेऊन आली, बरोबर आणखी दोघं. तिची सही उर्दूत, वर सुबक. मालकांनी पेन माझ्या हातात दिलं.

मला हळू वाचता येतं. बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, सदर जागेत कधीही पाणी साचत नव्हते व तेथे कोणताही जीव आढळत नाही.

"कर की," मालक म्हणाले. "चौथी झालीय ना? नाव तरी येतंय का लिहाया?"

भाभी म्हणाली, "कायकू डरती गे? सब्बीच करे. तेरे मॅडम को कोन बोलने जारा?"

मी परत ती ओळ वाचली. कोणताही जीव आढळत नाही. माझ्या डोळ्यासमोर सगळा टब हलत होता. मला घर पाहिजे होतं. मला त्या खांबांच्या मध्ये चूल पाहिजे होती, माझ्या नावावरची. तरीही मी पेन खाली ठेवलं. चार माणसांसमोर मी पहिल्यांदा बोलले.

"मी बघितलेत. मला नाही येणार हे."

"काय नाय येणार?"

"सही."

भाभीनं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी येडीच झाले. मालक उठून बाहेर गेले आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहिले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

माझ्या एका सहीनं काही अडलं नाही. अर्ज वर गेला, अभिप्राय बाजूला पडला, मुरमाचे ट्रक लागले. मॅडमची बदली झाली. त्या गेल्या त्या दिवशी मी फ्रिज आतून धुतला, तेव्हा तो नुसता फ्रिज होता. आमचा प्लॉट मालकांनी दुसऱ्याला दिला. म्हणाले, "तिथं तुझं मन लागायचं नाय. मला ठाऊक हाय." ते रागानं म्हणाले की मायेनं, हे मी अजून विचारलेलं नाही. आम्ही आजही भाड्याच्या खोलीत आहोत.

भाभीचं घर झालं. तिनं नव्या घरात कुराणखानी, म्हणजे कुराणाचं वाचन, ठेवली आणि जेवायला आम्हाला बोलावलं, अर्जाचं काही मनात न ठेवता. मालक आधी आत गेले आणि गवंड्याच्या सवयीनं भिंतीवर हात फिरवायला लागले. निळं दार, पांढरी चकचकीत फरशी, कोपऱ्यात नवा फ्रिज. जिथं आमची एकच भिंत होणार होती, तिथं दुसऱ्या कुणाची खिडकी होती. मी उंबऱ्यातच थांबले. घर इतकं छान होतं की मला हेवा वाटला, अगदी खरा. आणि तरी माझं पाऊल फरशीवर पडेना.

"अगे आ ना अंदर," भाभी म्हणाली. "नीचे क्या देखती? फरशी नई है, पाव से खराब नहीं होती."

"छान आहे हो," मी म्हटलं. चपला काढल्या आणि आत जाऊन अलगद बसले, कुणीतरी खाली झोपलेलं असावं तशी.