हिरव्या चोळीला लाल कळी

शिवणाच्या मशिनीखाली चिंध्या कोणी मुद्दाम जमवत नाही. एक दिवस केरसुणी अडते, तेव्हा कळतं की ढीग झालाय! माझ्याकडच्या गोष्टी तशाच जमल्यात. परवा शेजारची सून पोटुशी म्हणून खास फ्रॉक घेऊन आली आणि मला विचारते, "काकू, तुमच्या वेळी काय हो घालायचे?" म्हटलं, बाई गं, आमच्या वेळी जे होतं ते पोटाला पुरायचं नाही, एवढीच आमची फॅशन!

ते लढाईचे दिवस. आम्ही नंदुरबारला कापूस पिंजायच्या जिनाच्या मागच्या आळीत राहायचो. हे जिनात वजनकाट्यावर होते. माझ्याकडे धुळ्याहून, माहेरून आलेली हातमशीन होती, म्हणून दुपारी आळीतल्या बायका माझ्या ओट्यावर जमायच्या. कापड कंट्रोलवर होतं. रांगेत उभं राहावं, तर आपला नंबर येईपर्यंत दुकानात फक्त दुकानदार उरलेला! आणि नेमक्या त्याच साली आळीत आम्ही तिघी एकदम गरोदर. मी, किराणावाल्या शेटजींची केसरबेन आणि शाळेतल्या मास्तरांची तुळसा. चौथी गोदामावशी. तिची पाच बाळंतपणं झालेली, त्यामुळे ती आमची हायकोर्ट.

*

पहिला प्रश्न चोळीचा. लुगडं कसंही सैल नेसता येतं, चोळीचं काय करणार? गाठ बसेना, श्वास घेववेना. नवीन खण कुठून आणायचा? गोदामावशीने निकाल दिला, "काखमा कळी बसाडा. जुनीच चोळी बाळंतपनलोंग चालस."

कळी म्हणजे काखेत घालायचा चौकोनी तुकडा. त्याच रंगाचा तुकडा मिळाला तर तो दिसतही नाही. पण केसरबेनची चोळी हिरवी आणि माझ्या बोचक्यात निघाला लालभडक तुकडा! मी म्हटलं, "हात खाली ठेव, कोणाला दिसणार नाही." केसरबेन म्हणाली, "शुं काम? लाल छे तो दिसू दे ने!" आणि तिने नुसती कळी नाही, तर बाहीच्या टोकालाही तीच लाल पट्टी लावून घेतली. अशी नटून ती देवळात गेली की सगळ्या बायका देव सोडून हिच्या काखेकडे बघतायत!

आठवड्याच्या बाजाराला पाहिलं तर चार-पाच जणींच्या हिरव्या चोळ्यांना लाल कळ्या. त्यात जिनाच्या मुकादमाची नवी सूनही होती. तिच्या सासूने घरी आल्यावर सुनेची काख पाहिली, एक शब्द विचारला नाही, आणि सरळ आळीभर गूळ वाटून आली.

सून रडकुंडीला आली. "आत्याबाई, तसं काही नही शे! ती फॅशन शे!"

सासू म्हणाली, "गूळ तं वाटी टाका मी. आते तूच दख, काय करनं ते!"

*

आता तुळसाचं सांगते. आमच्या तिघींत खरी काळजी तिची होती.

तुळसा तापीकाठची, सारंगखेड्याकडच्या एका खात्यापित्या पाटलाची एकुलती एक लेक. आजोबांनी शब्द दिला म्हणून मास्तरांना दिलेली. मास्तर गुणी, पण ना शेत, ना बैल, ना घरात वडीलधारं माणूस. तुळसाची आईही गेलेली. लग्नातच तिचे वडील, आबा पाटील, चारचौघांत म्हणाले होते, "पोरले दिवस गयात की सातवा महिनामा मी येसू. पोर माले लंकानी पार्वती दिसनी तं गाडीमा बसाडीसन लई जासू. मंग परत धाडाव नही."

आबा बोलले की बोलले. तुळसा हे सांगायची तेव्हा तिचा आवाज बारीक व्हायचा. मास्तरांवर तिचा भारी जीव. ते रोज संध्याकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि ती ते आम्हाला दुसऱ्या दिवशी आपल्या मनाचं मीठमसाला घालून सांगायची. हे सगळं सोडून माहेरच्या भरल्या घरात जाऊन बसायचं तिच्या मनात नव्हतं. आणि तिच्याकडे होती दोन लुगडी, दोन्ही मधोमध विरलेली!

मग आम्ही दंड घातला. दोन्ही लुगड्यांचा विरलेला भाग कापून काढायचा आणि धड अर्धे एकमेकांना जोडायचे. एक हिरवं, एक विटकरी. गोदामावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अर्धी बाई कोनी, अर्धी कोनी!" पण तुळसाने ते असं नेसलं की जोड कमरेत दडला. पुढे निऱ्या हिरव्या, पाठीवर पदर विटकरी. खरं सांगते, फार गोड दिसली.

आळीच्या तोंडाशी एक म्हातारे पेन्शनर दिवसभर बसलेले असायचे. त्यांनी तिला समोरून येताना पाहिलं, मग पाठमोरी जाताना पाहिलं. संध्याकाळी मास्तरांना थांबवून म्हणाले, "मास्तर, महागाईचे दिवस आहेत. एकीचं भागत नाही आणि तुम्ही घरात दोन-दोन बायका नांदवता?"

*

केसरबेनला रंगाची भारी हौस. होळीपासून वाळवून ठेवलेली पळसाची फुलं तिच्याकडे डबाभर होती. पांढरं जुनं लुगडं त्यात उकळलं की झकास केशरी होतं, जीव ओवाळून टाकावा असं. तिने एका रविवारी मोठं पातेलं चढवलं. मीही माझं एक फिकट लुगडं त्यात सोडलं.

लुगडी सुरेख निघाली. पण पातेल्याच्या तळाशी शेटजींचं धोतर आणि सदरा निघाला! गडबडीत कपड्यांच्या ढिगातून तेही आत गेले होते. दुसरं धोतर धोब्याकडे. शेटजी गरीब स्वभावाचे. बिचारे तसेच डोक्यापासून पायापर्यंत केशरी होऊन दुकानावर निघाले.

वाटेत एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने त्यांचे पायच धरले. "शेटजी, संसार सोडायचा तर सोडा. पण निदान बाईचं बाळंतपण तरी होऊ द्या!"

*

त्याच सुमाराला ग्रहण लागलं. पोटुशीने ग्रहणात चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. गोदामावशीने आम्हा तिघींना माझ्या मधल्या खोलीत बसवलं, कात्री, सुया, विळी सगळं स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं आणि दाराशी पाट टाकून पहाऱ्याला बसली.

बसून बसून आम्ही कंटाळलो. शेवटी तुळसाने विचारलं, "मावशी, शिवानं नही, कापानं नही. पन उसवानं?"

असा प्रश्न मावशीला तिच्या पाच बाळंतपणांत कोणी विचारला नव्हता. बराच विचार करून म्हणाली, "उसवाले काय हरकत नही."

झालं! आम्ही नखांनी दोरे ओढून उसवायला बसलो. जुन्या चोळ्या उसवल्या, उशांचे अभ्रे उसवले, सदरे उसवले. मग तुळसाने घरून मास्तरांचा कोट मागवला. वरून विटलेला, आतून अजून चांगला. उलटून शिवला की नवा होईल, म्हणून तोही उसवला. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, गळपट्टी वेगळी. ग्रहण सुटलं, आम्ही न्हालो, जेवलो आणि थकून झोपलो.

सकाळी मास्तर विचारतायत, "माझा कोट कुठाय?" त्या दिवशी शाळेत इन्स्पेक्टर यायचा होता! एका मास्तराचे पाच तुकडे माझ्या मशिनीवर पडलेले. शेवटी केसरबेनने शेटजींचा कोट दिला. शेटजी अंगाने चांगले भरलेले. त्या कोटात आमचे मास्तर आणि आणखी एक मास्तर मावला असता.

आम्हाला वाटलं, आता नोकरी जाते. तुळसाने दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. संध्याकाळी मास्तर हसत घरी आले. इन्स्पेक्टरने वर्ग तपासलाच नाही म्हणे. मास्तरांकडे पाहून एकदम हळहळला, "अरेरे, केवढे वाळलात हो! आधी प्रकृती सांभाळा!"

*

आणि मग पौष लागला. आबा पाटलांचा निरोप आला की मी परवा येतोय.

आम्ही ठरवलं, त्याच दिवशी तुळसाचं डोहाळजेवण करायचं. तिच्या माहेरी-सासरी बाईमाणूस नाही, तर आम्ही आहोत. पण दंड घातलेलं लुगडं बापाच्या नजरेतून कसं सुटणार? त्या माणसाचा जन्म कपाशीत गेलेला. तुळसा सकाळपासून दहादा दारात जाऊन आलेली. एवढंच म्हणाली, "ताई, आबा माले लई तं नही जातीन ना?" मी पेटी उघडली आणि माझा लग्नातला हिरवा शालू तिच्या अंगावर टाकला.

मग कोणाला सांगावं लागलं नाही. गोदामावशीने गळ्यातली ठुशी काढली. केसरबेनने हातातल्या पाटल्या आणि कानातली फुलं काढली. मी माझे गोठ, नथ आणि कमरपट्टा दिला. शेवंतीच्या वेण्या गुंफल्या. तुळसा पाटावर बसली तेव्हा आम्ही सगळ्या थोडा वेळ बघतच राहिलो. लक्ष्मी दिसत होती पोर! मला रडू आलं, ते मी शेवंतीच्या उग्र वासावर ढकललं.

आबा आले. बैलगाडी, गाडीत जाड गादी आणि लोड. म्हणजे न्यायच्या तयारीनेच आलेले. अंगावर घोंगडी, कारण थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. तुळसा वाकून पाया पडली. त्यांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही.

आम्ही ओटी भरायला लागलो. सगळं ठीक चाललं होतं, आणि गोदामावशीला राहवलं नाही. "ठुशी सांभाळ वं, दोरा जुना शे!" मी तिला कोपर मारलं. तेवढ्यात केसरबेन पदर सावरायला धावली, "अरे, ताईंचा शालू जमिनीवर घासतोय!" मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर आबा आमच्याकडे बघत होते. तुळसाकडे नाही, आमच्याकडे. एकेकीकडे, सावकाश. मग गोदामावशीला म्हणाले,

"बाई, तुमना गळामा काळी पोत सोडीसन दागिना कसा नही?"

गोदामावशी कधी अडली नाही, तेव्हाही नाही. "उकडी ऱ्हायनं, पाटील."

आबा माझ्याकडे वळले. "अन् तुमना हातमा?"

माझ्या अंगावर काटा होता आणि दातांवर दात वाजत होते. मी म्हटलं, "मलाही फार उकडतंय."

"मने पण!" केसरबेनने विचारण्याआधीच सांगून टाकलं.

मास्तर खांबाला धरून उभे होते. तुळसाने मान खाली घातली. आबांनी गाडीतल्या गादीकडे एकदा पाहिलं. मग उठले आणि गाडीवानाला म्हणाले, "गाडी जुप."

तुळसा एकदम उभी राहिली. आम्हाला वाटलं, संपलं.

आबांनी अंगावरची घोंगडी काढली आणि लेकीच्या खांद्यांवर घातली. शालू, ठुशी, गोठ, वेण्या, सगळं तिच्याखाली झाकलं गेलं. मग ते एकटेच गाडीत चढले, त्या रिकाम्या गादीवर, नुसत्या सदऱ्यात.

मास्तर पुढे धावले. "आबा, घोंगडी! तुम्हाला थंडी..."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "माले बी उकडी ऱ्हायनं."