ह्यांचं झाड

कराडच्या आसपास कुणाच्या घरावर फांदी झुकली, की नाथाजीला सांगावा जायचा. कमरेला कोयती, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि कानांत कापसाचे बोळे! कापूस कशाला, तर एकदा चिंचेवर असताना कानात मुंगळा शिरला होता. त्या दिवशी नाथाजी जो बोंबलत सुटला, तो थेट किस्नेच्या डोहात जाऊन थांबला.

पण काम म्हणाल तर देखणं. आधी झाडाला हात जोडायचा, "बाबा, राग धरू नगंस," म्हणायचा. मग फांदीला दोर बांधून, लेकरू पाळण्यातनं काढावं तशी ती अल्लाद उतरवायचा आणि जखमेवर शेणमाती लिंपायचा. लोक त्याला झाडांचा न्हावी म्हणत. गावचा खरा न्हावी कोंडीबा यावरून चिडला, तर नाथाजी म्हणे, "आरं, माझं गिऱ्हाईक तुझ्यापरास बरं. हालत न्हाई, आन गावाच्या चुगल्या बी सांगत न्हाई."

एक नेम मात्र त्यानं जन्मभर पाळला होता. मोहरलेल्या झाडाला लोखंड लावायचं नाही. बापानं मरताना वचनच घेतलं होतं, "लावलंस तर कोयती किस्नेत टाक, आन दुसऱ्याची गुरं राख." आणि नाथाजीला गुरं आवडत नव्हती. गुरांनाही तो आवडत नव्हता.

हा नेम मोडायची पाळी आणली बनुबाईनं. तिचा नवरा फौजेत हवालदार, लढाई संपल्यावर नुकताच घरी आलेला. सगळा गाव त्याला हवालदारच म्हणे. खरं नाव लिंबाजी, आणि सगळा घोळ तिथंच होता बघा! नवऱ्याचं नाव तोंडातनं काढायचं नाही, म्हणून बनुबाई लिंबाला लिंबसुद्धा म्हणत नसे. बाजारात लिंबू हवं असलं तर "आंबट द्या" म्हणायची आणि घरामागच्या परड्यातल्या कडुलिंबाला "ह्यांचं झाड". आता परगावच्या नाथाजीला हे कुठनं ठाऊक असणार?

"दादा," त्याच्या हातावर पानाचा इडा ठेवून बनुबाई म्हणाली, "ह्यांच्या झाडाच्या फांद्या कौलावर आल्यात. तेवढ्या उतरवा. ह्ये म्हसवडला गेल्यात, यायच्या आत उरका." आणि ती बिनघोर गोठ्यात शेण काढायला गेली.

शेजारचा लालासाहेब खालून दोर धरायला आला होता. नाथाजीनं त्याला विचारलं, "गड्या, हवालदाराचं झाड कंचं रं?"

"ह्यो की म्होरचा आंबा! लग्नाच्या साली लावलाय. लढाईवरनं कोण बी रजेवर आला, की हवालदाराचा निरोप असायचाच. आंबा कसा हाय? बायको कशी हाय, असं एकदा बी इचारलं न्हाई बाबानं! आता इतक्या वर्सांनी त्याचं फळ खायाला मिळणार, म्हणून रोज मोहराखाली बाज टाकून पडतोय."

नाथाजीनं वर पाहिलं. आंब्याच्या फांद्याही कौलाकडं झुकलेल्या, पण आंबा मोहरानं नुसता लदबदला होता. कोयतीवर गेलेला हात नाथाजीनं मागं घेतला. तो गोठ्याच्या दारात गेला.

"वैनी, आवं, झाड भरात हाय. ऱ्हाऊ द्या की ह्या साली."

"भरात न्हाई, माजात हाय! पाखरं घाण करत्यात, कौलं फुटत्यात."

"पर मालकास्नी इचारलंय न्हवं?"

"त्यांनीच सांगितलंय. लय लाड झालं त्याचं. पार बोडकं करा!"

नाथाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सवत! आंबा हिची सवत झालाय, आणि नवरा गावाला गेल्याचा मोका साधून बाई तिचे केस कापायला निघालीय! नेम मोडावा तर धंदा बुडणार, आणि इडा घेऊन माघार घ्यावी तर नाक कापलं जाणार. बिचारा पुरता कात्रीत सापडला. शेवटी त्यानं ठरवलं, एकच बारकी फांदी उतरवायची, बाईचं मन राखायचं आणि पळायचं. कानांत बोळे कोंबून, डोळे पुसत पुसत तो वर चढला. झाडाला त्यानं हातही जोडले नाहीत. कुठल्या तोंडानं जोडणार!

कोयतीचा आवाज ऐकून बनुबाई शेणाच्या हातानं धावत आली आणि किंचाळली, "त्यो न्हवं! ह्यांचं झाड!"

"ह्यांचंच हाय की!" नाथाजी वरून म्हणाला.

"आवं, कडू! कडू!"

"काढू? काढतोय की वैनी, दम धरा!"

तिनं घरामागं बोट दाखवलं, तर नाथाजीला वाटलं मागची फांदीपण हवीय. माणूस बुद्धीनं सरळ असावा तरी किती! घाव तर पडतच होते. नवरा येऊन बघेल तर काय म्हणेल, या धास्तीनं बनुबाईला रडू फुटलं. आणि तेवढ्यात तिला आठवलं, उखाण्यात नाव घेतलेलं चालतं!

तिनं हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावरनं ओढला, लग्नात उभी राहिली होती तशी ताठ उभी राहिली. बाई काहीतरी मोठं बोलणार दिसतंय, म्हणून नाथाजीनं कानांतले बोळे काढले.

"कोयनामाई किस्नामाईला संगमावर मिळाली,
लिंबाजीरावांचं नाव घेते, मेल्या, तुझी कोयती आंब्यावर कशी वळाली!"

उखाणा झाला की दाद द्यायची, ही रीतच आहे. लालासाहेबानं टाळी वाजवली. आता टाळीला दोन्ही हात लागतात. दोर सुटला, आणि मोहरानं भरलेली फांदी धपकन अंगणात पडली, ती नेमकी म्हसवडहून येऊन उखाणा ऐकत थबकलेल्या हवालदाराच्या पुढ्यात.

"हवालदार, चुकलो!" नाथाजी वरून रडायच्या सुरात ओरडला. "लिंब म्हणायचं व्हतं वैनीला, आत्ता उमगलं! ही कोयती आत्ताच किस्नेत टाकतो, जन्मभर गुरं राखतो!"

हवालदारानं फांदीकडं बघितलंसुद्धा नाही. तो बनुबाईकडं बघत होता. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून त्यानं आपलं नाव ऐकलं नव्हतं. ती पदर तोंडात धरून भिंतीकडं वळली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"नाथाजी," तो हळूच म्हणाला, "कोयती टाकू नगंस. दुसरी फांदी धर."

"आवं, पर मोहर हाय! तुमचा आंबा..."

"आरं, धर म्हणतोय न्हवं! हिला आणिक एक उखाणा सुचंल."