उमरेडला परत आलेल्या डॉक्टरबाई

डॉ. कुमुदताई हरकरे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण मी केले. गौरवग्रंथात असे लिहायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. उमरेडच्या शाळेत मी उभा जन्म मराठी शिकवली. समारंभात काय बोलावे आणि काय गिळावे हे मलाही कळते. पण संपादकांनी ‘फक्त गुण लिहा, जुने उकरू नका’ असे सुचवले, तेव्हा मी सरळ डॉक्टरांनाच फोन लावला. त्या म्हणाल्या, “तेच लिहा, सर. गुण बाकीचे लिहितीलच. भांडण लिहिणार नसाल तर माझ्यावर काहीच लिहू नका.” आता बोला! तेव्हा संपादकांनी राग मानू नये.

नागपूरकरांना डॉक्टरांची ओळख करून द्यायला नको. पोटाच्या विकारांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातले, वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, आणि निवृत्तीनंतरही रुग्णालयातले काम सांभाळून गावोगाव व्याख्याने दिली. विषय एकच, ॲसिडिटीची गोळी. आमच्याकडे तिला ‘गॅसची गोळी’ म्हणतात. गोळी चांगली आहे, अल्सर भरून आणते, छातीतली जळजळ थांबवते, असे त्या आधी आवर्जून सांगत. पण काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी लोक वर्षानुवर्षे घेतात, कोणाला न विचारता दुकानातून आणतात, याची त्यांना मनस्वी चीड होती. फार काळ घेतली तर अंगातले जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात, आणि आतला मोठा आजार तिच्याआड लपून राहू शकतो. हे सारे त्या पोटतिडकीने सांगत.

असेच एक व्याख्यान उमरेडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात झाले. आमचे बाबा पहिल्या रांगेत. बाबा कोळसा खाणीतून निवृत्त झालेले फिटर. तरुणपणी त्यांना अल्सर होऊन रक्तस्राव झाला होता. पुढे हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होत्या, आणि त्या गोळ्यांमुळे पोटात पुन्हा जखम होऊ नये म्हणून सोबत ही ॲसिडिटीची गोळी. म्हणजे ज्यांनी ती मुळीच सोडायची नाही, त्यांतले ते एक. डॉक्टर त्या दिवशी म्हणाल्या, “विनाकारण रोज घेत असाल तर बंद करा.” ज्यांना कारण आहे त्यांनी काय करावे, हे सांगायचे राहून गेले. बाबा घरी आले आणि गोळ्यांचे पाकीट केराच्या टोपलीत टाकत म्हणाले, “सुटलो गा एका गोळीतून!” आम्हीही हसलो.

काही आठवड्यांनी त्यांना डांबरासारखे काळे शौचाला होऊ लागले. ती आत रक्त जात असल्याची खूण, पण त्यांनी कोणाला सांगितले नाही. मग एका सकाळी न्हाणीघरात कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा ओठ पांढरेफटक, आणि पहिले वाक्य हे, “नेतं तं त्याच बाईकडे ने मले.”

नागपूरला नेले. दुर्बीण घालून जखमेतले रक्त थांबवले, बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवले. तरी धोका टळला नव्हता. रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवावी तर स्टेंट बुजण्याची भीती, चालू ठेवावी तर पोटातून पुन्हा रक्त. अशा वेळी डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन खाटेपाशी आल्या आणि त्यांनी विचारले, “बाबाजी, पोटाची गोळी कोणी बंद केली?”

“तुमीच तं सांगतलं होतं बाई, उमरेडले,” बाबा म्हणाले.

माझे डोकेच फिरले. वॉर्डातले सगळे बघतील याचीही लाज उरली नाही. “भाषणं ठोकायला काय जातं तुमचं?” मी ओरडलो. “माणूस आमचा जातो!”

एक विद्यार्थी मध्ये पडला. “मॅडम ‘विनाकारण’ म्हणाल्या होत्या,” तो सांगू लागला. डॉक्टरांनी त्याला तिथेच थांबवले. “आपल्याला कारण आहे की नाही, हे त्यांनी कसं ओळखायचं? ते विचारणं माझं काम होतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, चूक माझी आहे. मी अर्धंच बोलले. आधी बाबाजींना सांभाळू, मग मला हवं तेवढं बोला.”

खाटेवरून क्षीण आवाज आला, “काहून गा ओरडून राहिला बाईवर? मी हाव ना अजून.”

हो, होते. पण उद्या असतील की नाही, ते कोणालाच सांगता येत नव्हते. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून कोणती गोळी किती दिवस थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे कुमुदताईंनी जातीने ठरवले. सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः येत, बाबांची नाडी बघत. माझा राग जिरायला वेळ लागला, खोटे कशाला बोलू? पण त्यांचे येणे काही थांबले नाही.

बाबा जरा सावरले, तेव्हा एके दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावले. म्हणाल्या, “सर, त्या सभागृहात आणखी माणसं होती.”

माझ्या ते डोक्यातच आले नव्हते! मला फक्त माझे बाबा दिसत होते. डॉक्टरांना ते अख्खे सभागृह दिसत होते. तेच लोक पुन्हा जमवाल का, असे त्यांनी विचारले आणि पुढच्याच रविवारी त्या उमरेडला आल्या. हार नको म्हणाल्या, प्रास्ताविक नको म्हणाल्या. माईक हातात घेऊन एवढेच बोलल्या, “मागच्या वेळी माझं ऐकून ज्यांनी गोळी बंद केली, त्यांनी हात वर करा. माझ्याकडून सांगण्यात चूक झाली आहे.” एकेक करत बरेच हात वर गेले. मंडळाच्या अध्यक्षांचाही होता.

मग माईक ठेवून त्या एकेकाजवळ खुर्ची ओढून बसल्या. गोळी कशासाठी सुरू केली होती? कधी अल्सर झाला होता का, रक्त गेले होते का? हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध आहे का? सांधेदुखीची गोळी रोज घेता का? ज्यांना यातले काहीच नव्हते, त्यांना त्या म्हणाल्या, बंद केली ते ठीक, मात्र जुनी गोळी सोडल्यावर काही दिवस जळजळ उसळते, तेव्हा घाबरू नका, फार झाली तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना गरज होती त्यांना त्यांनी बजावले, आजपासून पुन्हा सुरू, न्याहारीच्या अर्धा तास आधी, जेवून झाल्यावर नव्हे.

शेवटच्या रांगेत गिरजाबाई होत्या. आयुष्यभर मागावर लुगडी विणली, आता सांधे आखडलेले, दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि हळूच विचारले, “शौचाला काळं होतं का, गिरजाबाई?”

“होते थोडंसं,” गिरजाबाई पदर तोंडाशी नेत म्हणाल्या. “म्हटलं, उन्हानं होत असंन.”

डॉक्टर तडक उठल्या. गिरजाबाईंना स्वतःच्या गाडीत घातले आणि नागपूर गाठले. मंडळाची शाल आणि नारळ टेबलावरच राहिले. गिरजाबाई वाचल्या.

तेव्हापासून डॉक्टरांच्या प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात स्वतःच्या चुकीने होते. बाबा हिंडते-फिरते होते तोवर पार नागपूरपलीकडच्या खापा गावापर्यंत त्यांच्यासोबत गेले. डॉक्टरांनी कुठे ती गोष्ट आवरती घेतली की हे खालून ओरडत, “बाई, माह्यं सांगाचं राहिलं!” काही व्यवसायबंधूंना हे रुचले नाही. चारचौघांत आपलीच चूक कशाला सांगायची, असे त्यांनी माझ्यामार्फत डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाल्या, “उपदेश केला की लोक मान डोलावतात. चूक सांगितली की प्रश्न विचारतात. मला ते प्रश्न हवे असतात.”

एवढ्या गंभीर स्वभावाच्या डॉक्टरांना पोटभर हसताना मी पाहिले ते एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या जेवणात. सावजी मटण होते, आणि यजमान पंगतीत प्रसादासारखी एकेक गॅसची गोळी वाटत होते. डॉक्टर म्हणाल्या, “अहो, गोळ्या वाटण्यापेक्षा तिखट कमी करा ना.” यजमान कळवळून म्हणाले, “मॅडम, तिखट कमी केलं तं ते सावजी कायचं?” डॉक्टरांना हसू आवरेना. पण गोळ्यांची वाटी त्यांनी आत पाठवलीच, आणि स्वतः वरणभात जेवल्या.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. पिकल्या वयात, झोपेत. डॉक्टर भेटायला आल्या, खुर्ची बाजूला सारून आईशेजारी सतरंजीवर बसल्या. मग डॉक्टर म्हणाल्या, “आई, त्या वेळी ते गेले असते तर मी तुमच्यासमोर कशी आले असते?”

आईने त्यांचा हात धरला. “आल्या असत्या तुमी,” ती म्हणाली. “मले माहीत हाय. माह्यं राहिलेलं आयुष्य तुमाले लागो बाई.”

“ते तुमच्याजवळच ठेवा,” डॉक्टर डोळे पुसत म्हणाल्या. “आणि मघापासून गुडघा दाबता आहात, त्याच्यासाठी काय घेता ते आणून दाखवा.”

डॉक्टर यंदा पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे, हे साऱ्या उमरेडच्या मनात आहे. मी वयाने लहान, आशीर्वाद देण्याचा अधिकार माझा नाही. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईचा आहे, आणि तिने तो दिला आहे. डॉक्टरांनी घेतला नाही, पण आईनेही तो परत घेतलेला नाही.