सासूच्या पत्त्यांत सडके कांदे

तीन महिने मी माझाच खेळ तपासत होतो आणि एकदाही समोरच्या बाजूला बसलो नाही. चूक एवढीच. बाकी काम चोख होतं.

मी पत्त्यांचे खेळ बनवतो. रमीसारखे नाहीत. आमच्या खेळात प्रत्येकाकडे स्वतःचा छोटा गठ्ठा असतो, त्याला डेक म्हणायचं. दर खेपेला पाच पत्ते उचलायचे, त्यांवरच्या नाण्यांनी मधल्या बाजारातून चांगले पत्ते विकत घ्यायचे आणि आपल्या डेकमध्ये घालायचे. डेक सुधारत गेला की तुमची चलती. हा खेळ कांद्याच्या घाऊक बाजाराचा होता. आधी दहा ट्रक भरेल तो जिंकला.

त्यात दोन डेक. 'व्यापारी' सरळ मार्गानं ट्रक भरतो. दुसरा 'खोडी', माझा लाडका. तो स्वतः फारसं कमवत नाही, समोरच्याचं बिघडवतो. 'ट्रक अडकला' टाकला की त्याच्या हातातले दोन पत्ते गेले. 'सडका कांदा' टाकला की तो त्याच्या डेकमध्ये शिरतो आणि नको तेव्हा हातात येतो. कामाचा शून्य, नुसती जागा अडवतो.

ऑफिसात मी सगळ्यांशी खेळलो. दर वेळी खोडी माझ्याकडे. निम्मे डाव जिंकलो, निम्मे हरलो. एक्सेल शीट केतकीसमोर ठेवली. केतकी माझी बॉस. वयानं माझ्या निम्मी. बँकेतली नोकरी सोडून तिनं ही कंपनी काढली, आणि हा तिचा पहिला खेळ.

"फिफ्टी-फिफ्टी. परफेक्ट बॅलन्स," मी म्हणालो.

"लोकांना मजा येते का पण?"

"प्रचंड!"

प्रचंड मला येत होती. ते शीटमध्ये नव्हतं.

शुक्रवारी फाइल्स प्रेसला जाणार होत्या. एकदा छापलं की पत्ता बदलता येत नाही. बुधवारी केतकीनं ब्लाइंड टेस्ट ठेवली. म्हणजे नवख्या माणसांच्या हाती खोका द्यायचा आणि बनवणाऱ्यानं कोपऱ्यात तोंड मिटून बसायचं. नवखी माणसं वरच्याच मजल्यावर होती. आमचं ऑफिस शिरवणे गावात, तळमजल्यावर, आणि घरमालकीण हिरामावशी. त्यांच्या यजमानांचा मार्केटात कांद्याचा गाळा होता, मावशींची निम्मी हयात तिथेच गेलेली. त्या आणि त्यांची सून सायली त्यांच्या हॉलमध्ये समोरासमोर बसल्या. खोडी आली सायलीकडे.

"आई, हा घ्या. अजून एक घ्या."

"बरी लाडात आलीस गं आज," मावशी म्हणाल्या.

चौथ्या खेपेला मावशींच्या हातात पाच पत्ते आले, त्यांतले चार सडके. त्यांनी नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"आता मी काय करू?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"सांग ना रं नंदू."

"काही नाही, पास म्हणायचं," मला राहवलं नाही.

"नंदू सर, तोंड!" केतकी कडाडली.

मावशी पास म्हणाल्या. पुढच्या खेपेलाही पास. मग उठून गॅसवरचं दूध बघून आल्या आणि परत पास. शेवटी पत्ते बरे आले आणि एका ट्रकनं त्याच जिंकल्या. मी टाळ्या वाजवल्या.

"बघा, जिंकलात!"

"जिंकून काय करू? अर्धा तास गोनीवर बसून राहिले. मी नाय परत खेलनार."

सायली पत्ते गोळा करत म्हणाली, "मलापण कसंतरी झालं. आईंना नुसतं छळल्यासारखं."

केतकीनं फोन काढला आणि प्रेसवाल्याचा नंबर शोधायला लागली. छपाई पुढे ढकलली असती, तर आमचा खेळ दिवाळीला दुकानात नसता.

मी हट्टानं म्हणालो, "पण मावशी, मार्केटात सडका माल यायचाच ना?"

"यायचा तर! पन हात बांधून कोन बसतो? निवडाचा, सडका भाग कापून काडाचा, उरला तो भजीवाल्याला द्याचा."

केतकीनं फोन खाली ठेवला. "हे खेळात का नाहीये?"

कारण मी सडके कांदे फक्त दिले होते, घेतले कधीच नव्हते.

रात्रीपर्यंत नवा नियम तयार झाला: हातात दोन सडके आले की जोडीनं भजीवाल्याला विकायचे. एक नाणं मिळणार आणि कांदे डेकमधून कायमचे बाहेर. आता खोडीवाल्यालाही डोकं लागणार होतं, कारण बेफाम कांदे कोंबले तर समोरच्याचाच धंदा. गुरुवारी सकाळी मात्र खोडी सगळे डाव हरली. मग 'ट्रक अडकला' एका नाण्यानं स्वस्त केला, तेव्हा काटा परत मध्ये आला.

दुपारी शेवटची टेस्ट. मावशींना चहा-बिस्किटं देऊन कसंबसं राजी केलं.

"व्यापारी तुम्ही घ्यायचा, नंदू सर," केतकी म्हणाली.

खोडी मावशींकडे. त्यांनी कांदे कोंबलेच नाहीत. एकेक सोडायच्या. माझी जोडी जमतेय असं दिसलं की 'ट्रक अडकला', आणि माझ्या हातात उरलेले मोजके पत्ते. मी आधी हसलो. मग "असं चालत नाही" म्हणालो. मग नियमांचा कागद मागितला, जो मीच लिहिला होता. शेवटी चार ट्रकांनी हरलो.

दोन्ही बाजू सारख्या जिंकतात एवढ्यानं खेळ तयार होत नाही. मार खाणाऱ्याच्या हातातही काहीतरी करण्यासारखं लागतं. हे मला या धंद्यातल्या अकराव्या वर्षी कळलं.

केतकीनं भीतभीत विचारलं, "मावशी, छापू का मग?"

"छाप गं पोरी, चांगला हाय खेल. फकस्त ह्याला खेलाला नको बसवू. लई रडतो."