चमकीची फिरकी

प्रवेशपरीक्षेत काय काय येतं, हे वर्षभर लेकीबरोबर मीही घोकलं होतं. प्रश्न किती, मिनिटं किती, कोणता प्रश्न सोडून पुढे जायचं. पण केंद्राच्या फाटकावर तपासणीच्या बाई म्हणाल्या, “नाकातली चमकी काढावी लागेल,” आणि चमकीची फिरकी काही केल्या हलेना. फाटक बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. माझ्या घाईघाईत नाक ओढलं गेलं आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी मला बाजूला सारलं. स्वतःच्या चप्प तेल लावलेल्या केसांवरून बोट फिरवून त्यांनी ते फिरकीला लावलं. “श्वास सोड बाळा,” त्या म्हणाल्या. फिरकी सुटली.

मी मात्र तशीच कासावीस. ज्या ज्या गोष्टींची धास्ती घेतली, त्यांत ही नव्हतीच. पुढे तिच्या वाट्याला अशा आणखी किती येतील, आणि तेव्हा शेजारी कोण असेल?

आत जाताना लेक वळली. “आई, नाक लाल दिसतंय का गं?”

चांगलं लालबुंद झालं होतं.

“छे, अजिबात नाही,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.